नाव घालणारं यंत्र

मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या सोसायटीत हिवाळ्यातल्या एका रविवारी छंदांचं प्रदर्शन भरतं. कुणी बोन्साय मांडतं, कुणी टपाल तिकिटं, कुणी क्रोशाची तोरणं. माझी भाची सोलापूरहून दिल्लीला शिकायला आली आहे आणि माझ्याकडेच राहते. तिनं यंदा तिथे एक यंत्र मांडायचं ठरवलं. मुलांनी आपलं नाव सांगायचं आणि यंत्रानं ते पेनानं कार्डावर लिहून द्यायचं. लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटातून तिनं दोन स्टेपर मोटरी, दातेरी पट्टे, पेन उचलण्यापुरती एक चिमुकली सर्वो मोटर आणि या सगळ्यांना हुकूम देणारा आर्डुइनो बोर्ड आणला. एक मोटर पेन आडवं नेते, दुसरी उभं. दोन्ही एकदम चालल्या की तिरकी रेघ येते, आणि बारीक बारीक तिरक्या रेघा जोडल्या की गोलाई. इंग्रजी नावं दोन दिवसांत सुरेख उमटू लागली.

प्रदर्शनाला आठ दिवस उरले असताना मी सहज म्हटलं, "तुझं आडनाव मराठीत लिहून दाखव." तिचं आडनाव काळे. यंत्र हललं, पण विचित्र हललं. 'क'च्या कडेनं ते गोल फिरून आलं, मग आतल्या कडेनं फिरलं, शिरोरेघेला वरून एकदा आणि खालून एकदा गेलं. कागदावर उमटली ती पोकळ अक्षरं, रंग न भरलेल्या रांगोळीसारखी.

"मामा, याला देवनागरीचं चित्र काढता येतं," ती म्हणाली, "लिहिता येत नाही."

तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. लिहिणारी यंत्रं काही आजची नाहीत, अडीचशे वर्षांची आहेत. मग आपली लिपी त्यांच्या हाती का लागली नाही, याचा शोध घेत मी आठवडाभर पुस्तकं उलगडत बसलो, आणि ती स्वयंपाकघरात. उत्तर तिला आधी सापडलं.

स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलच्या संग्रहालयात लाकडी बाकासमोर बसलेला एक लहान मुलगा आहे. पिएर जाके-द्रो या घड्याळजीनं आपला मुलगा आणि एका साथीदाराच्या मदतीनं १७६८ ते १७७४ या काळात तो घडवला. त्याच्या पोटात सुमारे सहा हजार भाग आहेत. तो हंसाचं पीस शाईत बुडवतो, झटकतो आणि लिहू लागतो. लिहिताना त्याचे डोळे अक्षरांमागे फिरतात. त्याच्या आतल्या चाकावरचे तुकडे बदलले की मजकूर बदलतो, चाळीस अक्षरांपर्यंत हवा तो. आजच्या भाषेत बोलायचं तर त्याला प्रोग्रॅम करता येतं.

पण मजकूर ठरवणार कोण? चाकाला हात लावायचा अधिकार मालकाचा. अशी यंत्रं राजेराजवाड्यांपुढे मांडली जात, त्यांना भेट म्हणून जात. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात विल्यमसन या इंग्रज कारागिराचं नाव असलेलं अठराव्या शतकातलं एक सोनेरी घड्याळ आहे. त्याच्या तळमजल्यावर युरोपीय पोशाखातली एक बाहुली बसलेली असते आणि ती कुंचल्यानं आठ चिनी अक्षरं लिहिते. आठही दिशा सम्राटाच्या संस्कृतीकडे वळतात आणि सगळ्या भूमींचे राजे त्याला वंदन करायला येतात, असा त्यांचा आशय. इंग्रज कारागिरांनी चिनी लिपी पितळेच्या चकत्यांत उतरवली. ती उतरवता येत नव्हती असं कधीच नव्हतं. सम्राटाची स्तुती करायची असली की यंत्राला कोणतीही लिपी शिकवता येते.

एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये तानाका हिसाशिगे यांनी लिहिणारी बाहुली केली. ती कुंचल्यानं दीर्घायुष्याची शुभेच्छा देणारं अक्षर लिहिते, आणि पाइन, बांबू व प्लम या तीन मंगल वनस्पतींची अक्षरं. कुंचला कुठे दाबायचा, कुठे हलका करायचा हेही तिला ठाऊक आहे. याच तानाकांच्या उद्योगातून पुढे तोशिबा ही कंपनी उभी राहिली. इथे स्तुतीच्या जागी शुभेच्छा आली, तरी मजकूर ठरलेलाच. बघणाऱ्यानं आपलं नाव सांगावं आणि बाहुलीनं ते लिहावं, अशी सोय नव्हती.

नावाची एक गोष्ट मात्र या घराण्यात आहे. फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटकडे १९२८ साली आगीत होरपळलेली, मोडकी बाहुली आली. तिचा कर्ता कोण याबद्दल देणाऱ्यांचा समज चुकीचा होता. दुरुस्ती करणाऱ्यानं ती चालू केली, तिनं चित्रं काढली, कविता लिहिल्या आणि एका कवितेच्या चौकटीत फ्रेंचमध्ये लिहिलं की हे माय्यार्देच्या बाहुलीनं लिहिलं आहे. आँरी माय्यार्दे हे तिच्या कर्त्याचं नाव. माणसं विसरली होती, पितळेच्या चकत्या विसरल्या नव्हत्या.

त्याच १९२८ साली लंडनमध्ये वेगळ्याच लोकांनी यंत्रमानव उभा केला. हौशी मॉडेल बनवणाऱ्यांच्या संस्थेचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला ड्यूक ऑफ यॉर्क यायचे होते. ते येईनात, तेव्हा विल्यम रिचर्ड्स आणि ॲलन रेफेल यांनी ॲल्युमिनियमचा एक माणूसच घडवला. त्याचं नाव एरिक. तो उठला, वाकला आणि बोलला. त्याच्या छातीवर 'आर. यू. आर.' ही अक्षरं होती. कारेल चापेकच्या ज्या नाटकानं जगाला 'रोबॉट' हा शब्द दिला, त्याच्या नावाची ती आद्याक्षरं. राजपुत्राच्या जागी हौशी लोकांचं यंत्र उभं राहिलं, ही घटना मला मोठी वाटते. यंत्र आता दरबारातून प्रदर्शनात आलं होतं. तिकीट काढून आत शिरणारा कुणीही त्याच्यासमोर उभा राहू शकत होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूतज्ज्ञानं दोन छोटी चाकांची कासवं केली, एल्मर आणि एल्सी. ती उजेडाकडे सरकत, अडथळा आला की वळत. १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये त्यांच्या जातीची कासवं लोकांना पाहायला मिळाली. पुढे अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॅली फॉयरझिग यांनी मुलांसाठी १९६७ साली लोगो ही संगणकभाषा केली. लवकरच तिच्यासाठी जमिनीवर चालणारं कासवही आलं. त्याच्या पोटात पेन होतं. 'पुढे इतकं जा, उजवीकडे इतकं वळ' असं मुलानं सांगायचं आणि कासवानं कागदावर रेघ ओढायची. इथे पहिल्यांदा चाक मुलाच्या हातात आलं. कासवाला चौकोन शिकवणारं मूल पुढच्याच दिवशी त्याला आपलं आद्याक्षर शिकवू लागलं, तर त्यात नवल काय?

भाचीचं यंत्र या कासवाच्या वंशातलं. इंग्रजी मुळाक्षरं त्याला अशी फुकट मिळाली, त्यामागे आणखी एक माणूस आहे. व्हर्जिनियातल्या डाहल्ग्रेन इथे अमेरिकन नौदलाची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा होती. तिथले शास्त्रज्ञ ॲलन हर्शी यांनी १९६७ साली 'कॅलिग्राफी फॉर कॉम्प्युटर्स' हा अहवाल लिहिला. प्रत्येक अक्षर म्हणजे बिंदूंची यादी, बिंदूपासून बिंदूपर्यंत सरळ रेघ, आणि मध्ये 'पेन उचल' अशी खूण. रोमन, ग्रीक, रशियन, जर्मन वळणाची गॉथिक, जपानी काना आणि शेकडो कांजी अक्षरंही त्यांनी अशी बिंदूंत उतरवली. जगभरच्या हौशी लोकांची पेनयंत्रं आजही तीच अक्षरं वापरतात.

त्या संग्रहात देवनागरी नाही. हर्शींचा त्यात दोष नाही. ती त्यांच्या कामाची लिपी नव्हती. प्रश्न आपला आहे. आपण आपली लिपी यंत्राला दिली ती कोणत्या रूपात?

आपण ती दिली ठशाच्या रूपात. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पहिलं छापील मराठी पंचांग काढलं ते शिळाछापावर. तिथे अक्षर अजून हाताचं होतं. पुढे धातूचे खिळे आले. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागरनं देवनागरी ठशाला असं देखणेपण दिलं की आजही ते वळण शुद्ध वाटतं. त्या देखणेपणाचं मूळ बोरूत आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे एका दिशेला रेघ जाड येते आणि दुसऱ्या दिशेला बारीक. ठसा कोरणाऱ्यानं ती जाडी धातूत पकडली. जाडी आली की अक्षराला कडा आल्या. पेन कुठून सुरू झालं आणि कुठे थांबलं, ही आठवण मात्र ठशात राहत नाही. तिथे उरतो तो फक्त आकार.

मग टंकयंत्राचा काळ आला आणि आकारच अडचणीचा ठरला. किल्ल्या थोडक्या, जोडाक्षरं शेकडो. लिपीनंच बदलावं, असं शहाण्या लोकांनाही वाटू लागलं. सावरकरांनी अ-ची बाराखडी पुरस्कारली. १९५३ साली लखनौला देवनागरी सुधारणेची परिषद भरली आणि ह्रस्व इकाराची वेलांटीसुद्धा अक्षराच्या उजवीकडे, जरा आखूड दांडीची काढावी असं ठरलं. डावीकडे मागे जाणं यंत्राला गैरसोयीचं होतं. ते वळण लोकांच्या हातांनी स्वीकारलं नाही आणि लवकरच मागे पडलं.

संगणकानं हा प्रश्न उलटा सोडवला. ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं 'जिस्ट' तंत्र, पाठोपाठ १९९१ चं इस्की हे भारतीय मानक, आणि त्याच्या आधीच्या आराखड्यावर बेतलेला युनिकोडचा देवनागरी विभाग, या सगळ्यांमागे एक साधा विचार होता. साठवायचं ते उच्चाराच्या क्रमानं, दाखवायचं ते लिपीच्या रीतीनं. 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी. लिपीनं वाकायचं कारण उरलं नाही. रघुनाथ कृष्ण जोशी यांच्यासारख्या सुलेखनकारानं 'मंगल' हा फाँट केला, तो विंडोजबरोबर घराघरांत गेला. मराठीच्या 'ळ'ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर आहे. 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र-साठीही सोय आहे. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' अधिकृत ठरवले.

हे सगळं झालं, पण पडद्यासाठी आणि छपाईसाठी. फाँट म्हणजे पुन्हा कडांचीच आकृती. म्हणून भाचीचं पेन कडेकडेनं फिरत होतं. त्याला निर्णयसागरचा ठसा मिळाला होता, बोरू धरलेला हात मिळाला नव्हता. त्याला हवी होती एकेरी रेघेची देवनागरी, आणि ती आपण कधी केलीच नाही, अशा निष्कर्षाला मी आलो होतो.

तेवढ्यात ती लाडवांचा रिकामा डबा घेऊन बाहेर आली. सोलापूरहून बेसनाचे लाडू घेऊन आलेला, घासून घासून चकाकणारा स्टीलचा डबा. झाकणाखाली अक्षरं होती: 'काळे, सोलापूर'.

"मामा, हे बघ. एकेरी रेघ."

मी कपाळाला हात लावला. महाराष्ट्रात भांडं विकत घेतलं की दुकानदार विचारतो, नाव घालायचं का? कोपऱ्यात एक माणूस बसलेला असतो. पूर्वी त्याच्या हातात टोकदार पोलादी हत्यार आणि छोटी हातोडी असे. तो ठिपक्याठिपक्यांनी नाव उठवी. नंतर गुरगुरणारं विजेचं यंत्र आलं, टोक खालीवर थरथरणारं. कागदावर न गिरवता, पाठमोऱ्या गोलाईवर, गिऱ्हाइकाशी बोलत बोलत तो लिहितो: अमक्याच्या लग्नात तमक्यांकडून सप्रेम भेट. तारीख. गाव. त्याच्या टोकाला जाडी नाही, त्यामुळे त्याच्या अक्षराला कडा नाहीत. हर्शींनी प्रयोगशाळेत बसून जे केलं, ते आमच्या भांडी बाजारात रोज चालत होतं आणि त्याला कुणी लिपीचा इतिहास म्हटलं नाही.

त्या गुरगुरणाऱ्या यंत्राचं नातं दूरवर लागतं. थरथरणाऱ्या टोकानं लिहिण्याची कल्पना एडिसननं १८७६ साली पेटंट घेतलेल्या विजेच्या पेनात आहे. ते पेन कागदाला बारीक भोकं पाडत लिही, मग त्या कागदावरून शाई फिरवून प्रती काढत. कचेऱ्यांत ते फार टिकलं नाही. पण १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीनं त्याच तत्त्वावर गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडे जत्रेत बॅटरीवर चालणारं गोंदणाचं यंत्र घेऊन बसलेला माणूस त्याच वंशातला. दंडावर नाव, मनगटावर देवाचं नाव. ज्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नसत, त्यांच्या हातावर ते गोंदलेलं असे. सम्राटाची स्तुती करणाऱ्या सोनेरी बाहुलीपेक्षा हे यंत्र कितीतरी ओबडधोबड. पण समोर बसलेल्या माणसाला ते विचारत असे, काय नाव घालू?

भांड्यावर नाव का घालायचं, हेही मला त्या रात्री नव्यानं कळलं. लग्नाकार्याला भांडी एकमेकांच्या घरी जातात. शेजारी डब्यातून काही पाठवतात, रिकामा डबा परत करायचा राहतो. भांडं कितीही फिरलं तरी ओळखू यावं आणि घरी परत यावं, म्हणून नाव. भाचीच्या दिल्लीतल्या अर्जांवर, ओळखपत्रावर, सगळीकडे तिचं आडनाव हिंदीत 'काले' असं लागलं आहे. हिंदी लिहिताना ळ सहसा वापरत नाहीत, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे? पण सोलापूरच्या त्या अनामिक नाव घालणाऱ्यानं ळ काढला होता: शिरोरेघेखाली लोंबणारे दोन जुळे वेढे, पेन न उचलता.

पुढचे चार दिवस आमचं घर भांडी बाजार झालं. तिनं ताटल्या, तांबे, परातींचे फोटो काढले आणि त्यांवरची अक्षरं माउसनं बिंदू बिंदू करत गिरवली. वरच्या मजल्यावरच्या मराठी वहिनींनी हळदीकुंकवात मिळालेल्या वाट्यांची पिशवीच आणून दिली. त्यातून 'झ' मिळाला आणि मराठी वळणाचा 'श'. कुठे शिरोरेघ सगळ्यात शेवटी सलग ओढली होती, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. काही भांड्यांवर ती नव्हतीच. 'ढ', 'ङ', 'ञ' कुठल्याच भांड्यावर नव्हते, ते मी बॉलपेननं लिहून दिले. लहानपणी धूळपाटीवर बोट धरून मास्तरांनी ज्या क्रमानं गिरवून घेतलं होतं, त्याच क्रमानं. जोडाक्षरं आणि वेलांटीचा क्रम संगणकाच्या तयार आज्ञावलीनं सांभाळला, रेघा भांड्यांनी पुरवल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी रांग लागली. मुलं नाव वाचायला थांबत नाहीत, ती पेन पाहतात. आपल्या नावाचं पुढचं वळण कुठे जाणार हे त्यांना आधीच माहीत असतं, आणि पेन तिकडेच गेलं की ती हसतात. बहुतेकांनी हिंदी किंवा इंग्रजी मागितलं. एका छोट्यानं दोन्ही मागितली, एक आजीसाठी.

दुपारी शेजारच्या ब्लॉकमधले मल्याळी आजोबा नातीला घेऊन आले. मयूर विहारात मल्याळी कुटुंबं पुष्कळ. नातीला मल्याळम वाचता येत नाही, तेव्हा तिचं नाव नागरीतच हवं होतं. नाव झालं. आजोबा म्हणाले, खाली गावही घाला, आलप्पुऴ. बोर्डांवर त्याचं कधी 'आलप्पुझा' होतं, कधी 'अलेप्पी'. तो शेवटचा वर्ण ना ल, ना ळ, ना झ. देवनागरीत त्यासाठी 'ऴ', म्हणजे खाली नुक्ता दिलेला ळ, अशी सोय आहे. युनिकोडमध्ये तो ळ-च्या शेजारच्याच घरात राहतो. पण तो आमच्या कुठल्याही भांड्यावर नव्हता.

भाचीनं कोरं कार्ड त्यांच्यापुढे केलं. "अंकल, आप लिख के दिखाइए." त्यांनी आधी मल्याळममधलं अक्षर काढलं. मग तिनं काढलेला ळ पाहिला आणि त्याखाली स्वतः एक ठिपका दिला. तिनं तो ठिपका यादीत भरला: पेन उचल, खाली ये, टेकव, उचल. मागची रांग कुरकुरत होती. पेननं आलप्पुऴ लिहिलं, शेवटचा ठिपका दिला, आणि आजोबांनी कार्ड उचलून डोळ्यांजवळ नेलं.

प्रदर्शन आवरल्यावर मी डबा उचलला. भाची म्हणाली, "यात आता चिवडा भरून पाठवू या सोलापूरला. नाव आहे त्यावर, परत येईल."